घरासाठी पहिली फोल्डिंग ट्रेडमिल घेताय? मग हे एवढं तपासूनच घ्या

ज्यांनी जिममध्ये कधीतरी दोनचारदा ट्रेडमिल वापरलीय किंवा तेवढीही नाही, आणि आता घरीच एक बेसिक घडीची मशीन घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्यात स्वस्त गटातल्या मशीनबद्दलच बोलतोय. या गटातही नीट चालणाऱ्या मशीन मिळतात, पण बॉक्सवर जे आकडे ठळक छापलेले असतात ना, टॉप स्पीड, एचपी (म्हणजे मोटरची ताकद), प्रोग्राम किती, स्क्रीन केवढी, त्यावरून मशीन तुमच्या कामाची आहे की नाही ते कळतच नाही. ते कळतं तुम्ही रोज ज्या स्पीडला चालणार त्या स्पीडला तिच्यावर उभं राहून, आणि ती घरात जिथे ठेवणार ती जागा मोजून. त्यामुळे जाताना मेजरिंग टेप आणि रोजचे चालायचे बूट बरोबर न्या, बाकी काही लागत नाही.

पहिली स्टेप, आपण नक्की काय करणार ते ठरवा

हे घरी बसून, शांतपणे ठरवायचं. साधं चालणं साधारण 4 ते 6 किमी तासाला होतं, जॉगिंग 7 ते 9 च्या आसपास, आणि 10 च्या पुढे ते खरं पळणं. बॉक्सवर 14 लिहिलेलं असलं तरी घरात ट्रेडमिल घेणारी बरीच मंडळी 5-6 वर चालतात आणि मध्ये मध्ये थोडं जॉगिंग करतात, आणि त्यात काहीही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो भरभर चालण्याने पूर्ण होतो. पण रोज अर्धा तास 10 च्या स्पीडने पळायचंच असेल तर मी स्पष्ट सांगतो, या गटातली घडीची मशीन घेऊ नका, थोडं थांबून वरच्या गटातली घ्या. चालणं आणि हलकं जॉगिंग एवढंच असेल तर पुढे वाचा. आणि हो, घरात किती जण वापरणार, त्यात सगळ्यात जड कोण आणि सगळ्यात उंच कोण, हे पण कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

हृदयाचा, गुडघ्याचा किंवा चक्कर येण्याचा काही त्रास असेल तर मशीन बघायला जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

दुसरी स्टेप, जागा मोजा, आणि उघड्या मशीनची मोजा

सगळे घडी घातल्यावर केवढी होते तेच विचारतात. व्यायाम मात्र उघड्या मशीनवर करायचा असतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मशीनच्या मागे साधारण 2 मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर मोकळं ठेवा असं दिलेलं असतं, आणि ते उगाच नाही, चालता चालता तोल गेला तर माणूस मागेच फेकला जातो, तिथे भिंत किंवा कपाट असेल तर माणूस भिंत आणि चालू पट्टा यांच्यामध्ये अडकतो. मशीनची उघडी लांबी-रुंदी स्पेसिफिकेशनमधून घ्या, जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा आणि एक दिवस तसाच ठेवा. दार पूर्ण उघडतंय का, जाता येता पाय अडकतोय का, लगेच समजेल.

छताचा हिशोब पण करा. माणूस 175 सेंमी उंच, पट्टा जमिनीपासून 15 सेंमी वर, चढ लावला की पुढचा भाग अजून 5-6 सेंमी उचलला जातो, आणि जॉगिंगला डोकं वरखाली होतं त्यासाठी 10-15 सेंमी धरा, म्हणजे 210 पर्यंत पोचलात. साध्या खोलीत हे बसून जातं पण पोटमाळा, तुळई, लटकता दिवा किंवा पंखा असेल तिथे गडबड होते.

आता घडी. दुकानातल्या माणसाला घालून दाखवायला सांगू नका, स्वतः घाला आणि स्वतः उघडा, आणि घरात ज्यांची ताकद कमी आहे त्यांना पण घालायला लावा. डेक म्हणजे पट्ट्याखालचा तो लांबट भाग, तो चांगला जड असतो. हायड्रॉलिक सिलिंडर असेल तर उचलायला मदत होते आणि उघडताना डेक धपकन न पडता सावकाश खाली येतो, माझ्या मते या गटात सुद्धा ही गोष्ट सोडू नये. घडी घातल्यावर लॉक बसल्याचा खट्ट आवाज यायला हवा, मग ती उभी मशीन जरा हलवून बघा, लॉक डुगडुगत असेल तर लहान मुलं असलेल्या घरात ती नको. चाकं कुठे आहेत, ढकलताना किती वाकावं लागतं, दाराच्या उंबऱ्यावरून जाते का हे पण बघा, कारण घडी घालणं कटकटीचं असेल तर आठवड्याभरात घडी घालणं बंद होतं आणि मशीन कायमची उघडीच राहते, मग फोल्डिंग घेतली कशाला.

तिसरी स्टेप, पट्टा

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच, कारण मोटर थोडी कमी असली तर जॉगिंग सोडून नुसतं चालून भागवता येतं पण पट्टा अरुंद असेल तर दर पावलाला लक्ष पायाकडे राहतं. या गटात पट्टा साधारण 38 ते 43 सेंमी रुंद आणि 100 ते 125 सेंमी लांब असतो. फक्त चालायचं तर 40 बाय 110 चालून जातं, जॉगिंग करायचं तर 42-43 रुंद आणि 120 च्या पुढे लांब बघा, आणि उंच माणूस असेल तर लांबीत अजिबात तडजोड नको. पूर्ण पळण्यासाठी 140 च्या आसपास लांबी लागते, ती इथे सहसा मिळतच नाही.

टेप लावून स्वतः मोजा. जाहिरातीत कधी कधी बाजूच्या पाय ठेवायच्या प्लास्टिक पट्ट्यांसकट रुंदी सांगतात, आपल्याला फक्त फिरणारा भाग मोजायचाय. लांबी मोजताना पुढे मोटरचं झाकण सुरू होतं तिथपासून मागच्या रोलरपर्यंत, म्हणजे पट्टा ज्या गोल नळीवरून वळतो तिथपर्यंत. मग मशीनवर उभं राहून बघा, हात नैसर्गिक हलवताना बाजूच्या दांड्यांना लागतायत का, आणि पाऊल पुढे टाकताना बोटं मोटरच्या झाकणाजवळ जातायत का.

खालून किंवा मागून दिसत असेल तर रोलरची जाडी पण बघून घ्या. बारीक रोलरवर पट्टा जास्त तीव्र वळतो आणि रोलरला त्याच स्पीडसाठी जास्त फेरे मारावे लागतात, म्हणून बेअरिंग आणि पट्टा दोन्ही लवकर झिजतात. दोन मशीन सारख्याच वाटत असतील तर जाड रोलरवाली घ्या.

चौथी स्टेप, मोटर, आणि तो एचपीचा आकडा

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. एचपी दोन प्रकारे सांगतात, पीक आणि कंटिन्युअस. पीक म्हणजे मोटर काही क्षण जेवढा जोर लावू शकते तेवढा, कंटिन्युअस म्हणजे ती सलग चालताना देऊ शकते तेवढा. आपण अर्धा तास सलग चालणार, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा कंटिन्युअसच. चालण्यासाठी 1.5 ते 2 कंटिन्युअस पुरे, नियमित जॉगिंगला 2 ते 2.5 हवी. बॉक्सवर नुसतं 4 एचपी लिहिलं असेल आणि पुढे काहीच नसेल तर तो पीकचा आकडा आहे असं समजून चला.

पडताळायचा सोपा मार्ग आहे. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. मशीनच्या पुढच्या किंवा खालच्या बाजूला, वीज जिथून आत जाते तिथे आसपास, एक छोटी पाटी चिकटवलेली असते, त्यावर व्होल्ट आणि वॅट किंवा अ‍ॅम्पिअर लिहिलेले असतात. मोबाईलचा टॉर्च मारून ती वाचा. 4 एचपी सलग द्यायचे तर मशीनला जवळपास 3000 वॅट लागतील, आणि पाटीवर 1100 वॅट लिहिलं असेल तर ती सलग दीड एचपीच्या वर जाऊच शकत नाही. म्हणून मशीन वाईट आहे असं नाही, चालायला ती पुरेल, पण आपण काय घेतोय ते आपल्याला माहीत पाहिजे. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला या पाटीचा फोटो मागा. देत नसेल तर मी तरी ती मशीन घेणार नाही.

पाचवी स्टेप, चालून बघा, आणि हळू चालून बघा

दुकानात सगळे स्पीड वाढवत नेतात, 8, 10, 12, आणि वा काय पळतेय म्हणतात. उलटं करा. या छोट्या डीसी मोटरला खरा त्रास कमी स्पीडला होतो. पट्टा हळू फिरत असताना माणसाचं सगळं वजन एका पायावर येतं तेव्हा पट्टा आणि डेक यांच्यातलं घर्षण वाढतं, आणि मोटरला कमी फेऱ्यांमध्ये जास्त जोर लावावा लागतो. म्हणून घरातल्या सगळ्यात जड माणसाने 2.5-3 किमी वर उभं राहायचं आणि दांड्या न धरता, पावलं जरा ठाम टाकत चालायचं. पाऊल पडल्या क्षणी पट्टा किंचित अडखळतो का, ते डोळ्यांनी बघण्यापेक्षा तळपायाला आधी समजतं. हलका फरक चालेल, पण प्रत्येक पावलाला ब्रेक लागल्यासारखं वाटत असेल तर काहीतरी बिघडलंय किंवा मोटर कमी पडतेय.

नेमकं काय ते थोडंफार शोधता येतं. अडखळताना पुढचा रोलर फिरतच राहतो आणि फक्त पट्टा थांबतो, तर पट्टा सैल आहे, तो ताणून दुरुस्त होतो. रोलर आणि पट्टा दोन्ही थांबतात पण मोटरचा आवाज तसाच चालू राहतो, तर मोटर आणि रोलरला जोडणारा आतला छोटा बेल्ट घसरतोय. आणि मोटरचाच आवाज दबतोय, म्हणजे ती दमतेय, तर ती मशीन सोडा. पट्टा ताणून झाल्यावर परत चालून बघायला मागायला संकोच करू नका.

नंतर आपल्या नेहमीच्या स्पीडला सलग 15-20 मिनिटं चाला. दोन मिनिटांच्या ट्रायलमध्ये कुठलीच मशीन काही सांगत नाही. दहा मिनिटांनंतर मोटरच्या झाकणावर हात ठेवा, कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल किंवा जळका वास येत असेल तर नाही. नव्या रबराचा थोडा वास येतो, तो वेगळा.

स्पीड खरा दाखवतेय का हे पण तपासता येतं, बिनवजनाचं चालवून. पट्ट्याच्या कडेला खडूने एक खूण करा, पट्टा हाताने किंवा अगदी हळू फिरवत त्याची पूर्ण फेरी टेपने टप्प्याटप्प्याने मोजा. समजा फेरी 240 सेंमी भरली, तर 20 फेऱ्या म्हणजे 48 मीटर. 5 किमीच्या स्पीडला सेकंदाला साधारण 1.39 मीटर जातात, म्हणजे 20 फेऱ्यांना साडेचौतीस सेकंद लागले पाहिजेत. मोबाईलवर व्हिडिओ काढून मोजलं की सोपं जातं. एखादा सेकंद इकडेतिकडे चालेल, 40 लागत असतील तर स्क्रीनवर दिसणारा 5 खरं म्हणजे 4.3 आहे.

चढाबद्दल थोडं सविस्तर

टॉप स्पीड दोनने जास्त असण्यापेक्षा चढ असलेली मशीन मला केव्हाही बरी वाटते, आणि याचं कारण आकड्यांतच आहे. सपाट पट्ट्यावर 5 किमीने चालताना शरीराला दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 12 मिलीलिटर ऑक्सिजन लागतो, तोच स्पीड ठेवून 5 टक्के चढ लावला तर हा आकडा 19 च्या पुढे जातो. म्हणजे स्पीड तोच, आदळआपट तेवढीच, आणि मेहनत दीडपटीपेक्षा जास्त. ज्यांचे गुडघे पळायला नको म्हणतात त्यांच्यासाठी तर हे फार मोलाचं आहे.

या गटात चढ सहसा मॅन्युअल असतो, मागचे पाय किंवा पिन हाताने बदलायची, दोन-तीन पातळ्या. चालता चालता बदलत नाही, उतरून बदलावा लागतो, चालतंय तेवढं. फक्त अंश आणि टक्के यात गल्लत करू नका, 3 अंश म्हणजे जवळपास 5.2 टक्के. आणि पिन बदलताना डेक उचलून धरावा लागतो का, तो एकट्याला जमतो का, ते तिथेच करून बघा.

वजनमर्यादा आणि फ्रेम

लिहिलेली वजनमर्यादा ही काठावरची समजा. घरातल्या सगळ्यात जड माणसाच्या वजनापेक्षा किमान 15-20 किलो जास्त मर्यादा असलेली घ्या, जॉगिंग करणार असाल तर अजून जास्त, कारण पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर खाली जातो. मशीनचं स्वतःचं वजन पण विचारा. दोन मशीनमध्ये मर्यादा सारखी लिहिलीय पण एक 30 किलोची आणि दुसरी 45 ची, तर मी दुसरी घेईन. हलवायला जड जाते, पण चालताना जागची हलत नाही. दांड्या दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवा, वरचा स्क्रीनचा भाग लटलट हलत असेल तर जॉगिंगला तो आवाज करणारच.

सेफ्टी, हे मात्र वगळू नका

लाल रंगाची सेफ्टी की असते, चुंबकाची किंवा खोचायची, तिच्या दोरीचा चिमटा कपड्याला लावायचा. ट्रायलमध्ये चालताना, हळू स्पीडला, ती मुद्दाम ओढून बघा. पट्टा ताबडतोब थांबायला लागला पाहिजे. रोज चिमटा लावायचा आणि वापर झाल्यावर की काढून उंच जागी ठेवायची, प्लग पण काढायचा. लहान मुलं आणि पाळीव प्राणी चालू मशीनच्या मागे नकोतच, मागचा रोलर आणि पट्टा यांच्यात बोटं ओढली जातात, भाजल्यासारखी जखम होते. महागड्या मशीनवर हे होत नाही असंही नाही, 2021 मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीला ट्रेड प्लस हे मॉडेल, सुमारे 1,25,000 मशीन, परत बोलवावं लागलं, कारण मागच्या बाजूने मुलं आणि प्राणी खाली ओढले गेले होते आणि एका मुलाचा जीव गेला होता. म्हणून मागच्या बाजूला जमीन आणि रोलर यांच्यात केवढी फट आहे, तिथे झाकण आहे का, हे वाकून बघा.

सुरुवात करताना चालू पट्ट्यावर थेट चढायचं नाही. दोन्ही पाय बाजूच्या पट्ट्यांवर ठेवून मशीन सुरू करा, पट्टा 1 च्या आसपास फिरायला लागला की मग पाय ठेवा. उतरताना पण पूर्ण थांबू द्या, उतरल्यावर एखादं मिनिट जमीन सरकल्यासारखी वाटते, नवीन लोकांना ते होतंच.

स्क्रीन, कॅलरी वगैरे

यावर जास्त वेळ घालवू नका. वेळ, स्पीड, अंतर दिसलं की झालं. हँडलवरचे पल्स सेन्सर, म्हणजे हृदयाचे ठोके मोजणारे, चालताना नीट वाचत नाहीत. कॅलरीचा आकडा मशीन तुमचं वजन न विचारताच दाखवत असेल तर तो अंदाजाचाही अंदाज आहे, 70 किलोच्या माणसाला 5 किमीने सपाटीवर अर्धा तास चालून सव्वाशेच्या आसपास कॅलरी लागतात, स्क्रीन अडीचशे दाखवत असेल तर त्याकडे बघून जेवण ठरवू नका. बटणं मात्र चालता चालता दाबून बघा, स्टॉपचं बटण न बघता सापडलं पाहिजे.

आवाज आणि वीज

आवाज दोन वेगळे असतात. एक मोटरची घरघर, ती तुम्हाला ऐकू येते. दुसरा पावलांचा धपधप, तो खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जातो, आणि त्यांच्याशी संबंध बिघडतात ते याच्यामुळे. खाली जाड रबरी मॅट टाकली की कंप कमी होतो, पूर्ण जात नाही. शक्य असेल तर मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीजवळ ठेवा, फक्त मागची आणि बाजूंची मोकळी जागा सोडून. वीज अर्थिंग असलेल्या दणकट सॉकेटमधून थेट घ्या, एक्स्टेंशन बोर्ड नको, त्या सॉकेटवर दुसरं जड उपकरण नको. कोरड्या हवेत पट्ट्यावर चालून स्थिर वीज तयार होते, अर्थिंग नसेल तर झटके बसतात आणि कंट्रोलर बोर्डला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डला, पण धोका असतो.

वॉरंटी वाचताना

मोठ्या अक्षरात फ्रेमची आणि मोटरची वॉरंटी असते, आणि फ्रेम सहसा मोडत नाही. विचारायचं ते कंट्रोलर बोर्डचं, पट्ट्याचं आणि रोलरचं, कारण आधी बिघडतात ते हेच. पुढे विचारा, माणूस घरी येतो का, की मशीन आपण पोचवायची? येण्याचे पैसे कोण देणार? पट्टा तीन वर्षांनी मिळेल का? सर्व्हिसच्या नंबरवर खरेदीच्या आधी एकदा फोन करून हेच प्रश्न विचारा, खरेदीनंतर ते कसे वागतील ते त्या एका फोनमध्ये बऱ्यापैकी कळतं. बॉक्स आणि थर्माकोल परत करायची मुदत संपेपर्यंत टाकू नका.

घरी आल्यावर पहिला महिना

जोडून झाली की सगळे बोल्ट हाताने तपासा, आणि आठवड्याभराने परत, कारण कंपाने ते थोडे सैल होतात. रिकामी मशीन 4-5 वर चालवून पट्टा मधोमध राहतोय का बघा. उजवीकडे सरकत असेल तर मागच्या उजव्या कोपऱ्यातला बोल्ट अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाची वाकडी चावी) पाव फेरा घड्याळाच्या दिशेने, डावीकडे सरकत असेल तर डावा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही, दोन-तीन मिनिटं चालू द्या, मग परत बघा. पट्टा मध्यभागी कडेला धरून उचलला तर साधारण 5-7 सेंमी वर आला पाहिजे, त्याहून घट्ट ताणलात तर मोटर आणि बेअरिंग उगाच ताणले जातात.

आणि तेल. स्वस्त मशीन मरतात त्या बहुतेक कोरड्या पट्ट्याने, घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, आणि शेवटी बोर्ड जातो. महिन्यातून एकदा प्लग काढून पट्ट्याखाली मधोमधपर्यंत हात घाला, बोटांना किंचित तेलकट लागलं तर ठीक, कोरडं खरखरीत लागलं तर तेल घालायची वेळ झाली. फक्त शुद्ध सिलिकॉन तेल, खोबरेल, मशीनचं साधं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे चालत नाही, त्याने पट्टा खराब होतो. पट्ट्याची कड उचलून डेकवर नागमोडी थोडं तेल सोडा, दोन्ही बाजूंनी, मग 3 किमीच्या स्पीडने चार-पाच मिनिटं पूर्ण रुंदीवर पावलं टाकत चाला म्हणजे ते पसरतं. जास्त घातलं तर पट्टा घसरायला लागतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये जेवढं दिलंय तेवढंच. आणि पट्टा अडखळणं, जळका वास, सारखा एकाच बाजूला सरकणं यातलं काहीही परतीच्या मुदतीत दिसलं तर लगेच व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा, चालवून चालवून बरी होईल म्हणून वाट बघत बसू नका.